छातीतली जळजळ

पोशीरहून पहाटे नेरळ स्टेशन गाठून लोकल पकडणारा माणूस रात्री उशिरा परततो, पोटभर जेवतो आणि लगेच आडवा होतो. मग छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं. तंबाखूने ते सैल पडतं, सुटलेल्या पोटाचा त्यावर दाब येतो आणि आडवं होताच आम्ल वर चढतं. जठराला आतून जाड श्लेष्माचं अस्तर असतं. अन्ननलिकेला तसं नाही.

जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत. गाडीच्या वेळा पाहता हे सांगणं सोपं! निदान संध्याकाळी डब्यातली भाकरी खाऊन घ्या, रात्री थोडंच जेवा. उशांची चळत नको, तिने पोट दुमडतं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती 15 ते 20 सेंटिमीटर उचला. डाव्या कुशीवर झोपा.

गिळताना अडकत असेल, शौचाला काळी होत असेल, तर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. छातीत दाब, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर सोडा पीत बसू नका. 108 ला फोन लावा.