दिवा गेला, तरी तार जिवंत

(मंडळाच्या वार्षिक हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आपल्या मंडळात मी आजवर बोलले ते लोणच्या-पापडांविषयी. आज विजेच्या तारांविषयी बोलायला उभी राहिले, म्हणून काहीजणींना हसू येईल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आज सांगणार आहे ते मी एका दुभत्या म्हशीचे मोल देऊन शिकले आहे.

तीन वर्षांपूर्वी आषाढात मोठे वादळ झाले. बाभळीची फांदी पडून आमच्या गोठ्यामागची तार तुटली आणि गवतात आली. त्याच क्षणी सारे दिवे गेले. मी मनाशी म्हटले, वीज तर गेलीच आहे, आता तारेला काय भ्यायचे? म्हशीचे दावे सोडायला मी निघाले. माझे धाकटे दीर विजेच्या उपकेंद्रात नोकरीला आहेत. ते सुटीवर घरी आले होते. ते ओट्यावरून ओरडले, "वहिनी, जागच्या हलू नका!" इतक्यात घराघरांतले दिवे पुन्हा लागले, गवतात चरचर होऊन ठिणग्या उडाल्या आणि म्हैस जागीच कोसळली. लगेच दिवे परत गेले. आणखी दहा पावले पुढे गेले असते तर तिच्याबरोबर मीही गेले असते.

त्या रात्री मला अन्न गोड लागले नाही. भावजींना मी विचारले, "गेलेली वीज परत आलीच कशी?" तेव्हा त्यांनी समजावून सांगितले.

उपकेंद्रात प्रत्येक लाईनीवर एक रखवालदार बसवलेला असतो. त्याला रिले म्हणतात. तारेवर दाब किती आणि प्रवाह किती, हे तो अहोरात्र पाहतो. तार झाडाला किंवा जमिनीला लागली की दाब पडतो आणि प्रवाह एकदम वाढतो. मोठ्या मनोऱ्यांवरून जाणाऱ्या लाईनीत तर या दोहोंचा भागाकार करून बिघाड साधारण किती लांब आहे, हेही रिले ओळखतो. मग त्याच्या हुकमाने लाईन तोडली जाते. या साऱ्याला सेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो.

पण उघड्या तारांवरचे बरेचसे बिघाड क्षणाचे असतात. वीज पडली, पक्षी अडकला, फांदी घासून गेली, की झाले. म्हणून लाईन एकदा पुन्हा चालू करून पाहतात. कोठे यंत्र आपोआप करते, कोठे माणूस करतो. बिघाड तसाच असेल तर रिले पुन्हा तोडतो. तेवढ्या एका क्षणात माझी म्हैस गेली.

शिवाय हा रखवालदार चुकतोही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे मध्य प्रदेशातील बिना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या लाईनीवर भार फार वाढला. तार कोठेही तुटली नव्हती. पण तो भार रिलेला बिघाडासारखा दिसला आणि त्याने लाईन तोडली. सारा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्य भागही गेले. याच्या उलटही होते. तार कोरड्या जमिनीवर किंवा खडकावर पडली तर प्रवाह इतका थोडा वाहतो की रिलेला काही कळतच नाही. दिवे चालू राहतात आणि तार जिवंत पडून असते.

तेव्हा बायांनो, दिवे असोत वा नसोत, पडलेली तार जिवंतच समजावी. तीस-पस्तीस फूट दूर राहावे. वीज जमिनीतही पसरते आणि दोन पावलांच्या अंतरातून शरीरात शिरते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून ती आधी बळी पडतात. आपण जवळ असलोच तर लांब पाऊल टाकू नये. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, हळूहळू सरकत मागे यावे. काठीने तार सारायला जाऊ नये. आपले माणूस चिकटले तरी, लाईन बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय हात लावू नये. हे सांगताना माझ्याही पोटात कालवते. पण एकामागून दुसरा जीव जातो तो असाच.

तार पडलेली दिसली की १९१२ या क्रमांकावर कळवावे, आणि कर्मचारी येईपर्यंत मुलांना व गुरांना तिकडे फिरकू देऊ नये. हा आकडा प्रत्येकीने आजच स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी लिहून ठेवावा, एवढेच वाण मी आज तुमच्यापाशी मागते.