करवंदीच्या जाळीतला वाटा

(रविवारच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



मे महिन्यात कसारा घाटाच्या बाजूला गेला असाल, तर पानांच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या बायका आणि मुली तुम्ही पाहिल्या असतील. ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरच्या. आज त्या करवंदीविषयी दोन शब्द.

करवंद डोंगरावर कोणी लावत नाही. सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर तिच्या जाळ्या आपसूक वाढतात. गवत वाळून जाते, तरी तिचे पान हिरवे राहते. उन्हाळ्याच्या तोंडाला जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात आणि एप्रिल-मेमध्ये फळ काळे होते. नेमके तेव्हाच पाड्यावरच्या घरातले भात-नाचणी सरत आलेले असते, पाऊस लांब असतो आणि शेतात मजुरी नसते.

ही तोडणी सोपी नाही. काटे जोडीने असतात, देठ तुटला की चीक बोटांना चिकटतो. पहाटे निघून ऊन चढण्याआधी टोपली भरायची, मग रस्ता गाठायचा. पिकलेले करवंद टिकत नाही. म्हणून संध्याकाळी गाडीतल्या गिऱ्हाइकाने भाव पाडला, तरी ती बाई मान डोलावते. तिला तो भाव पटलेला नसतो. माल उद्या फुकट जाणार असतो.

लेवीयच्या 19 व्या अध्यायात देव सांगतो की शेताच्या कडा गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडा. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, ती भीक मागायला नव्हे. नियमानेच तिचा वाटा ठेवलेला होता. आपल्या देशाचा 2006 चा वनहक्क कायदाही आदिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क देतो. पण सामूहिक दाव्यासाठी ग्रामसभेचा ठराव, पुरावे, नकाशा लागतो. हे जुळवायला पाड्यांना सोबत हवी असते.

म्हणून तीन विनंत्या. द्रोण घेताना घासाघीस करू नका. महिला मंडळांनी लोणच्यासाठी कच्ची करवंदे आधी सांगून, ठरल्या भावाने घ्यावीत. कच्चे फळ जास्त दिवस राहते, त्यामुळे विकणारीला घाई नसते. आणि दाव्यांच्या कामासाठी आपले दान व प्रार्थना चालू ठेवा.

जाळी देवाने लावली आहे. वेचणारीचा वाटा तिला पुरा मिळावा, एवढे आपल्या हाती आहे. आमेन.