आळशी कोण?
(पाड्यावरच्या बैठकीत केलेले भाषण)

बायांनो, दादांनो,

आपल्याला आळशी म्हणतात. शेठ म्हणतो, गार्ड म्हणतो, शाळेतला मास्तरही म्हणतो. दोन दिवसांचं खायला असलं की वारली तिसऱ्या दिवशी कामावर येत नाही. खरं आहे. का यावं?

म्हाताऱ्यांना विचारा, १९४५ च्या आधी कसं होतं. निरोप आला की वेठीला जायचंच. लग्नासाठी शेठचे पैसे घेतले की नवराबायको दोघं त्याचे लग्नगडी. आपलं शेत तसंच, आधी त्याची आवणी. झरीच्या सभेनंतर लोक उठले, वेठ मोडली. त्या लढ्यात मजुरी वाढली हे सगळे सांगतात. आपला दिवस आपल्याला परत मिळाला, हे कोणी सांगत नाही.

आपलं काम पावसाबरोबर चालतं. राब भाजायचा, नागली-वरई लावायची, आवणीला आज सगळे एकाच्या शेतावर, उद्या दुसऱ्याच्या. पाठ मोडते. मग नवं भात आलं की तारपा निघायचा, रात्र रात्र नाच. त्याला हे लोक रिकामपण म्हणतात! त्या नाचात लग्नं जुळायची, भांडणं मिटायची. कुठला बांध कुणाच्या आजानं घातला, हे आम्हाला तिथंच बसून कळलं. बायांना मात्र तेव्हाही विसावा थोडाच. पाणी, लाकूडफाटा, दळण-कांडण कामात कोणी धरत नाही, आपले दादाही नाही.

आता दिवाळी झाली की मुकादम उचल घेऊन येतो. वीटभट्टीवर अंधारात उठायचं, बाप, बाई, पोरं सगळी चिखलात, हिशोब हजार विटांवर. पावसाच्या तोंडाला घरी येतो तरी उचल फिटत नाही. पोरांना घड्याळ हवं, पँट हवी. हवी तर हवी, त्यात चूक काय? पण इकडे प्लॉटवर माणूस दिसत नाही म्हणून गार्ड म्हणतो, ही जमीन पडीक. खड्डे खणतो, रोपं लावतो. मग कसणारे आपण, हे कुणाला दाखवायचं?

म्हणून यंदा मुकादमाच्या आधी रोजगार हमीचं काम मागू. कायद्यात आहे, १५ दिवसांत काम, नाही तर बेकार भत्ता. बांधबंदिस्ती आपल्याच शिवारात मागू, म्हणजे सांजेला घरी येता येईल. अर्जाची पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही.

अंगठे-सह्या आज रात्रीच करू. बायांची नावं वेगळी लिहा, नवऱ्याच्या नावाखाली नको. आणि तारपा कुणाच्या कुडाला टांगलाय बघा. भोपळा फुटला असेल तर आत्ताच सांगा, दुसरा शोधायला वेळ लागतो.