डचमळणाऱ्या कमानी

सूर्यावर ज्वाला भडकते तो क्षण सगळ्यांच्या नजरेत भरतो. मला आज बोलायचं आहे ते त्यानंतरच्या तासाभराबद्दल.

सूर्याच्या प्रभामंडळात चुंबकीय कमानी उभ्या असतात. त्यांचे दोन्ही पाय खाली रोवलेले आणि आत कोंडलेला प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. एरवी त्याचं तापमान दहा-वीस लाख अंश. पण एका पायाशी लहानशी ज्वाला भडकली, तरी ते साठ लाखांच्या पुढे जातं. तापलेला प्लाझ्मा दुसऱ्या पायाकडे धावतो, तिथून मागे फिरतो, पुन्हा जातो. हंड्यातलं पाणी डचमळावं तसाच.

सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानावरच्या ‘सुमेर’ या वर्णपटमापकानं ही डचमळ टिपली. तोंगज्यांग वांग आणि जर्मनीतल्या लिंडाऊचे त्यांचे सहकारी यांनी 2002 साली ती मांडली. त्यांनी उपकरणाची अरुंद फट सूर्याच्या कडेबाहेर एकाच जागी रोखून ठेवली होती. लोहाच्या अणूतले 26 पैकी 18 इलेक्ट्रॉन उडाले, की अतिनील प्रकाशात एक खास रेषा उमटते. ती रेषा कधी निळ्या बाजूला सरकत होती, कधी तांबड्या. म्हणजे प्लाझ्मा कधी आपल्याकडे येत होता, कधी दूर जात होता. एक हेलकावा 7 ते 31 मिनिटांचा.

ही डचमळ म्हणजे ध्वनीचीच लाट. कशावरून? हिशेब करून पाहा. समजा, कमान 1 लाख 90 हजार किलोमीटर लांब, म्हणजे पंधरा पृथ्व्या ओळीनं मावतील एवढी. एवढ्या उष्ण प्लाझ्मात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 380 किलोमीटर. जाऊन-येऊन 1000 सेकंद, म्हणजे जवळपास सतरा मिनिटं. निरीक्षणातली सरासरीही तेवढीच! मला तर हे गणित फार देखणं वाटतं. हेच उलट्या बाजूनं सोडवलं, की जिथं थर्मामीटर कधीच पोचणार नाही तिथलं तापमान हाती येतं.

मात्र हे हेलकावे दोन-तीन फेऱ्यांतच विरतात. का? उष्णता कमानीभर झपाट्यानं पसरते आणि लाटेचा जोर खाते, असं वांग आणि लिऑन ऑफमन यांनी दाखवलं होतं. पण 28 डिसेंबर 2013 च्या एका ज्वालेच्या नोंदी तपासताना त्याच दोघांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उष्णतावहन फारच मंद आढळलं. तिथं लाट विझवत होती ती प्लाझ्माची चिकटता, आणि तीही नेहमीच्या सूत्रांतून निघते त्याहून कितीतरी अधिक.