हातातले पत्र आणि वाटेवरची मुलाखत
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात दरवर्षी ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर एक भाषण होत असते. यंदा ते माझ्याकडे आले. परंतु सेक्रेटरीसाहेबांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. शिक्षणाचे महत्त्व तुम्हांला पटले नसते तर एक दिवसाची मजुरी बुडवून तुम्ही येथे आलाच नसता. मला बोलावयाचे आहे ते शिक्षण संपल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांविषयी. घरात एक पत्र आलेले असते, आणखी दोन पत्रे येतील असे वाटत असते, आणि घरातले कोणी काही ठरवीत नाही. असे आठवडे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील.

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी वडिलांबरोबर माझ्या घरी आली. वडील गवंडी. मुलीने बारावीनंतर जी.एन.एम. हा तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स पुरा केलेला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही झालेली. चाचांनी पिशवीतून तीन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. पहिला, सोलापूरच्या एका खाजगी दवाखान्याचे नेमणुकीचे पत्र : स्टाफ नर्स, महिना साडेचौदा हजार, राहण्याची सोय, आठ दिवसांत हजर व्हावे. दुसरा, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी जागेच्या थेट मुलाखतीची जाहिरात. तारीख तीन आठवड्यांनंतरची. तिसरा, पुण्यातील मेडिक्लेमचे कागद तपासणाऱ्या एका कंपनीचा निरोप. मुलाखतीची तारीख मागाहून कळविली जाईल एवढेच त्यात होते.

चाचा म्हणाले, “सर, पुण्याचे काम खुर्चीवरचे आहे, रात्रपाळी नाही. थांबावे म्हणतो.” मुलगी काहीच बोलली नाही.

आता मी थोडे माझ्याविषयी सांगतो. २०११ साली बी.एड. झाल्यावर मला परंड्याकडच्या एका खेड्यातील विनाअनुदानित शाळेत शिक्षकाची जागा मिळत होती. पगार चार हजार. मी नकार दिला, कारण एका अनुदानित शाळेच्या मुलाखतीचे बोलावणे आले होते. त्या मुलाखतीत मला नाव, गाव आणि “कोणाच्या ओळखीने आलात?” एवढेच विचारण्यात आले. जागा कोणाची ते आधीच ठरले होते, हे बाहेर बसलेल्या शिपायालासुद्धा माहीत होते. त्यानंतर आणखी चार मुलाखती दिल्या. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली आणि मी कपड्यांच्या दुकानात हिशेब लिहीत बसलो. चार हजारांची ती नोकरी काही मोठी नव्हती. पण पुढे प्रत्येक ठिकाणी “अनुभव किती?” असे विचारत, आणि मला “नाही” असे सांगावे लागे. त्या “नाही”ची किंमत चार हजारांहून पुष्कळ जास्त होती. असो.

हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, असे आपण म्हणतो. मला ही म्हण अर्धीच खरी वाटते. हातात काय आहे ते न पाहता मूठ घट्ट आवळून बसणे हेही शहाणपणाचे नाही. म्हणून मी चाचांना म्हटले, आधी थांबण्याचा खर्च मांडू. चार महिने थांबले तर साडेचौदा हजारांप्रमाणे अठ्ठावन्न हजार गेले. पुण्याला जाण्यायेण्याचे आणि एखाद्या नातेवाइकाकडे राहण्याचे निराळे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिकलेला हात. सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास बदललेला ओळखणे, हे वहीत राहत नाही, हातात राहते. आणि हात वापरला नाही तर लवकर विसरतो.

थांबून मिळण्याचा संभव किती, तेही पाहा. २०२३ साली तलाठी भरतीची जाहिरात ४,६४४ जागांची होती आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. नर्सिंगकडे मात्र जागा पुष्कळ निघतात. आपल्या धाराशिवलाच २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बाजूला लातूर, सोलापूर, अंबाजोगाई येथे मोठी सरकारी रुग्णालये आहेत, बार्शीला कॅन्सरचे रुग्णालय आहे. सरकारी अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. आखातात जावयाचे तर बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. सोलापूरचा दवाखाना म्हणजे आयुष्यभराची नोकरी असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्या पायरीवर पाय ठेवल्याखेरीज वरची पायरी दिसत नाही.

खुर्चीचे काम वाईट आहे असेही नाही. ज्या मुलीला रक्त पाहून घेरी येते, जिने केवळ घरच्यांनी सांगितले म्हणून हा कोर्स केला, तिला वॉर्डात ढकलू नका. तिच्यासाठी पुण्याची वाट पाहणे योग्य ठरेल. म्हणून मी त्या मुलीला सरळ विचारले. ती म्हणाली, “सर, मला वॉर्डच आवडतो. कागद तपासायला मी तीन वर्षे शिकले नाही.” चाचांनी तिच्याकडे वळून पाहिले. मला वाटते, घरात हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

खरी अडचण नंतर निघाली. ती पगाराची नव्हतीच. चाचीचे म्हणणे असे की मुलगी रात्रपाळी करते म्हटल्यावर चांगले स्थळ येणार नाही. परके पुरुष, त्यांची सेवा, लोक काय म्हणतील? भगिनींनो, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. ती माझ्याही घरात आहे. परंतु हे काम आपल्यात नवे नाही. हिजरी सन ५ मध्ये खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज जखमी झाले, तेव्हा मदिन्याच्या मशिदीत उभारलेल्या तंबूत त्यांना ठेवण्यात आले. त्या तंबूत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बाई म्हणजे रुफैदा. इंग्लंडातील फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात गेल्या १८५४ साली, म्हणजे त्यानंतर बाराशे वर्षांहून अधिक काळाने. शिवाय आपली आई-बहीण दवाखान्यात असते तेव्हा “लेडी सिस्टर आहे का?” असे आपणच विचारतो. ती सिस्टर कोणाच्या घरातून यावयाची? २०२० साली कोरोनात ज्यांच्या घरचे माणूस आत होते आणि नातेवाइकांना आत जाऊ देत नव्हते, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

पण भीतीचे उत्तर नुसत्या इतिहासाने मिळत नाही. चाचांनी स्वतः सोलापूरला जावे असे मी सुचविले. हॉस्टेल पाहावे, रात्री ड्युटी संपल्यावर मुली कशा परततात ते विचारावे, मेट्रनबाईंना भेटावे, स्कार्फ बांधण्यास हरकत आहे का ते आधीच विचारून घ्यावे. ते गेले आणि समाधानाने परत आले. समाधान झाले नसते तर मीच म्हटले असते की हे पत्र परत करा.

पत्र कसे वाचावे तेही सांगतो. काही ठिकाणी बाँड लिहून घेतात आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात. पुढे चांगली जागा मिळाली की मुलगी अडकते. मूळ कागद कोणालाही देऊ नका. दाखवा आणि परत घ्या. नोकरी सोडताना किती दिवसांची नोटीस द्यावी लागते, अनुभवाचा दाखला मिळतो का, आठवड्याची सुट्टी किती, हे लेखी असावे. पगाराविषयीही एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्र सरकारने एक समिती नेमली होती. खाजगी दवाखाना पन्नास खाटांहून लहान असला तरी नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सएवढाच पगार द्यावा, अशी शिफारस तिने केली. ही शिफारस पाळली जातेच असे नाही. आपल्या मुलीचे साडेचौदा हजार हेच त्याचे उदाहरण आहे. तरी मागताना हा आकडा माहीत असलेला बरा. तिने तो मेट्रनबाईंपुढे नम्रपणे काढला. सहा महिन्यांनी वाढ देऊ असे लेखी मिळाले, आणि कंत्राटी जागेच्या मुलाखतीसाठी एक दिवसाची रजाही मिळाली. रुजू होण्यापूर्वी नीट विचारले तर एवढे पुष्कळ ठिकाणी मिळते. आपली मुले विचारतच नाहीत.

ती मुलाखत तिने दिली. प्रतीक्षा यादीत नाव लागले, पुढे काही झाले नाही. पुण्याहून निरोप आला तो पाचव्या महिन्यात, आणि तोही “आपले शिक्षण कळवा” असा. तोपर्यंत तिची बदली अतिदक्षता विभागात झाली होती. यंदाच्या ईदला तिला सुट्टी मिळाली नाही. चाची मनातून नाराज आहेत, स्थळांची काळजी अजून आहे, आणि रात्रपाळीनंतर फोन आला नाही तर घरात कोणी झोपत नाही. हे सगळे सोपे झाले असे मी तुम्हांला सांगणार नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे पत्र येऊन पडले असेल आणि निर्णय होत नसेल, तर शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिक्षकखोलीत असतो. मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा, नुसते वडील येऊ नका. पत्राची झेरॉक्स आणा. मूळ प्रत घरीच राहू द्या.