कार्ट्रिजमधील शाई आणि हवा



शाळेत शाई कालवणे हे एके काळी शिक्षकाच्या नित्याच्या कामांपैकी एक होते. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड व वड्या करण्याचा उद्योग आरंभिला. तोच पुढे ‘कॅम्लिन’ या नावाने प्रसिद्धीस आला. अशी वडी पाण्यात विरघळवून दौती भरल्या जात. आज दौतीची जागा प्रिंटरच्या कार्ट्रिजने घेतली आहे.

मुरबाड वा शहापूर तालुक्यातील गावी कार्ट्रिज संपली, की शिक्षकाला कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याचा बाजार गाठावा लागतो. सादिलाच्या मर्यादित रकमेत नवी कार्ट्रिज वारंवार घेणे परवडत नाही. मग सरावपत्रिका निघत नाहीत व प्रश्न फळ्यावर लिहिले जातात. मोठी मुले ते उतरवून घेतात; परंतु अद्याप अक्षर न वळलेल्या पहिलीच्या बालकाचा सराव मात्र बुडतो. म्हणून कार्ट्रिज घरी भरण्याची विद्या शिक्षकास अवगत असणे इष्ट होय.

घरी भरलेली कार्ट्रिज बिघडली म्हणजे दोष शाईला दिला जातो. पुष्कळदा तो हवेचा असतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत पडते. दुसरे भोक पाडताच धार सरळ लागते. उलट, पाण्याने भरलेल्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून धरले तर खालचे तोंड उघडे असूनही पाणी गळत नाही. कार्ट्रिजचे सारे मर्म या दोन उदाहरणांत सामावले आहे.

कार्ट्रिज मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिलीत सर्वत्र स्पंज असतो व तोच शाई धरून ठेवतो. तिच्या माथ्यावर हवा आत जाण्यासाठी बारीक खाच असते. शाई भरल्यावर वरचे सर्व भाग चिकटपट्टीने घट्ट बंद केले, तर प्रारंभीची पाने चांगली येतात व पुढे अक्षरे फिकट होत जातात. कारण आत हवा शिरत नाही. दुसरीत दोन कप्पे असतात : एकात स्पंज, दुसऱ्यात मोकळी शाई. येथे मोकळ्या शाईच्या कप्प्याला पाडलेले भोक रबरी बुचाने पूर्ण हवाबंद केले पाहिजे. स्पंजाकडील हवेची वाट मात्र उघडीच हवी. बूच सैल राहिले तर नळीवरचे बोट उचलल्याप्रमाणे सारी शाई खाली उतरते व यंत्र माखते.

भरण्याची रीत अशी. प्रथम कार्ट्रिज जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावी. रंगीत कार्ट्रिजमध्ये कोणत्या भोकात कोणता रंग आहे, हे बारीक काडी बुडवून पाहावे. प्रत्येक रंगास निराळी सिरिंज घ्यावी. त्या कार्ट्रिजसाठी सांगितलेलीच शाई वापरावी; फाउंटन पेनची शाई घालू नये. सुई स्पंजात खोल घालून शाई थेंबाथेंबाने सोडावी. घाई केल्यास स्पंजात हवेचे बुडबुडे अडकतात. तोंडाशी शाई दिसू लागताच थांबावे व वर आलेली शाई ओढून घ्यावी. नंतर खालची छिद्रे ओलसर मऊ कापडावर क्षणभर टेकवावी, घासू नयेत. भरल्यानंतरही संगणक ‘शाई संपली’ असे दाखवील, कारण तो बहुधा शाई मोजत नसून छापलेल्या थेंबांचा हिशेब ठेवतो.

कार्ट्रिज अगदी कोरडी होईपर्यंत थांबू नये. याचे कारण एका जुन्या घटनेतून उमजते. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंदो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली डाखणी शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. त्यातून उष्णतेने थेंब फेकणारी छपाई जन्मास आली. अशा कार्ट्रिजच्या छिद्रांमागे सूक्ष्म तापक असतात. शाई त्यांना निववते; ती नसता तापक जळतात. मग कितीही शाई भरली तरी ती कार्ट्रिज पुन्हा चालत नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत न वापरलेल्या कार्ट्रिजच्या छिद्रांत शाई वाळते. सुटीतही आठवड्यातून एकदा सर्व रंगांचे एक पान छापावे, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताच यंत्र तयार मिळेल. वापरलेल्या सुया झाकणाच्या डब्यात बंद करून मुलांपासून दूर ठेवाव्या.

नळी व बोटाचा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. त्याला लागणारे पाणी व पपईच्या पानाचा देठ प्रत्येक गावी मिळतो. हवेच्या दाबाचा धडा मुलांना त्याने समजेल; आणि तोच धडा शिक्षकाच्या हाती उतरला, तर पहिलीच्या बालकाची सरावपत्रिका अडणार नाही.