भीमेचे पाणी : भीमाशंकर ते कृष्णा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भीमा म्हटली की आपल्याला चंद्रभागा आठवते. पण पाण्याचा हिशेब मागायचा तर भीमाशंकरापासून निघायला हवे. तिथला पाऊस हजारो मिलिमीटरचा. आपण सोलापूरकडे पाचशे-सहाशेवर वर्ष भागवतो. नदी आपल्या शिवारातली, पाणी मावळातले.

वरच्या अंगाला चासकमान. तुळापूरला इंद्रायणी मिळते, रांजणगाव सांडसला मुळा-मुठा. तिच्यातून पुण्याचे सांडपाणी येते, ते मात्र न मागता आपल्या वाट्याला! मुळशीचे पाणी घाट उतरून कोकणात जाते, वीज करते आणि समुद्राला मिळते. पुढे घोड येते आणि सगळे उजनीत साठते.

उजनी १९८० साली पुरी झाली. पोटात सुमारे ११७ टीएमसी; त्यात जवळजवळ ६४ मृतसाठा, उपयुक्त ५३च्या आसपास. पेपरात टक्केवारी येते ती या ५३ची. म्हणजे धरण ‘शून्य टक्के’ असते तेव्हाही निम्म्याहून जास्त पाणी आत असते. ते उणे टक्क्यातले पाणी कोणाला मिळते, हा खरा प्रश्न. पिण्यासाठी नदीत पाणी सोडले की काठावरच्या पंपांची वीज अनेकदा तोडली जाते. पिण्याच्या पाण्याला आमची ना नाही. पण तारीख आधी सांगा, एक पाळी होऊ द्या. उन्हाळी भुईमुगाला आऱ्या सुटताना पाणी चुकले की शेंग धरत नाही. नंतर कितीही पाजा.

उजनीखाली नरसिंहपूरला नीरा येते. पुराचे गणित इथे. वीर आणि उजनी एकदम सुटले की पंढरपूरचे वाळवंट पाण्याखाली. सरकोलीजवळ माण मिळते, बहुतेक वर्षे कोरडीच. हत्तरसंग कुडलला सीना. तिलाही आपण कोरडीच म्हणायचो. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने काठची माती खरवडून नेली.

मग कर्नाटक, कागिणा आणि रायचूरच्या उत्तरेला कृष्णा. सुमारे ८६० किलोमीटर झाले. कृष्णा खोऱ्याचे पाणी बच्छावत लवादाने १९७६ साली वाटले, महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले. राज्याराज्यांत कागद आहे. कालव्याच्या टोकाला किती आणि नदीकाठाला किती, याचा कागद गावात कोणाकडे आहे?

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी प्रत्येक गावाने बंधाऱ्याची पातळी, पंपांची संख्या आणि उभ्या पिकाचे क्षेत्र लिहून आणावे. कोरे तक्ते बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत.